माझा नवरा सोडून सगळ्यांचे नवरे थांबले

मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याबद्दल उगाच चांगलं मत करून घ्यायला नको. जावेने नवा कुकर घेतला तरी माझ्या पोटात दुखतं. पण गेल्या हिवाळ्यात जे दुखलं ते कुकरचं नव्हतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, लेक कॉलेजात गेली, गुडघ्याला पट्टा लागला, आणि या वयात मी माझ्या स्वतःच्या नवऱ्यावरून जळायला लागले.

आम्ही दुबईत अल कुसैसला राहतो. आमचे हे एका बांधकाम कंपनीत साइटवर सुपरवायझर आहेत आणि मी जवळच्या एका शाळेच्या ऑफिसात फोन घेते. दिवसभर फोनवर पालकांशी बोलून माझा आवाज असा झालाय, की लिफ्टमध्ये बोलले तर वरच्या मजल्यावरची माणसं मान काढून बघतात. लेक म्हणते, "ममा, व्हॉल्यूम!" आता मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे शेजारणीशी बोलायचं तर कुणी तिच्या दारापर्यंत जात नाही, आपल्याच ओट्यावरून बोलतात.

थंडीच्या दिवसांत एका रविवारआड आमचा मराठी ग्रुप चालायला जातो. रास अल खैमाच्या डोंगरात एखादी वादी गाठायची. वादी म्हणजे कोरडी नदी, दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर आणि मध्ये गोटेच गोटे. त्यातून दुपारपर्यंत चालायचं आणि परतताना उम्म अल कुवैनला समुद्राकाठच्या एका जुन्या हॉटेलच्या पबमध्ये जेवायचं. चालणं हे निमित्त आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण तसं कुणी म्हणत नाही. त्या पबमध्ये भर दुपारी अंधार असतो, कोपऱ्यात दोन-चार गोरे म्हातारे फुटबॉल बघत बसलेले असतात, आणि तिथला तळलेला मासा ताटाबाहेर लोंबतो. सोबत बटाट्याच्या फोडी आणि वाटाण्याचा एक हिरवा लगदा येतो. त्याला आम्ही हिरवं पिठलं म्हणतो. ते घशाखाली उतरावं म्हणून माझ्या पर्समध्ये ठेच्याची बाटली असते. वेटरला ती दिसते, पण तो बिचारा दुसरीकडे बघतो.

ग्रुपचे म्होरके म्हणजे आमचे भाई. मूळचे दापोलीकडचे, इथे हार्डवेअरचं दुकान, आयुष्य सगळं इथेच गेलं. दारूला शिवत नाहीत, पण पबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचतात. म्हणतात, "मी मासा बघायला येतो, ग्लासात काय आहे ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनीच एक पद्धत पाडलीय. ज्याला बिअर घ्यायची असेल त्याने आधी गाडीची चावी पावाच्या टोपलीत टाकायची. टोपली भाईंच्या पुढ्यात. मग ज्या बाईने किंवा बुवाने लिंबू सरबत घेतलंय तो ती चावी उचलतो. इथे एक घोट घेऊन स्टिअरिंगला हात लावला तर खलास, सरळ आत. त्यामुळे टोपलीशी कुणी लबाडी करत नाही.

आमच्या ह्यांनी त्या टोपलीत कधीच चावी टाकली नव्हती. "मला गाडी चालवायचीय," एवढं म्हणून सरबत मागवायचे. लायसन्स माझ्याकडेही आहे. चौथ्या टेस्टला मिळालं, पण मिळालं. तरी लांबच्या रस्त्याला चावी माझ्या हातात कधी आली नाही.

आता मुद्द्याचं. गेली दोन वर्षं हे माझ्याशी बोलत नव्हते. म्हणजे भांडण नाही हं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडायला दोन माणसं लागतात. मी काही सांगायला लागले की "हं". भाजी काय आणू, "हं". तुमच्या बहिणीचा फोन आला होता, "हं". सोफ्यावर मी शेजारी बसून दिवसभराचं सांगत असायची आणि हे टीव्हीकडे बघत असायचे, त्यातही आवाज एवढा मोठा की माझंच मला ऐकू येऊ नये. लेकीला म्हटलं, तुझ्या बाबांना झालंय काय? ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "ममा, ही इज जस्ट टायर्ड."

सगळ्यात राग यायचा तो गाडीत. "एसी कमी करा," मी म्हणायची. माणूस ढिम्म. रस्त्याकडे बघत गाडी चालवतोय. शेवटी मीच हात लांब करून कमी करायची आणि तोंडातल्या तोंडात त्यांच्या सगळ्या खानदानाला नावं ठेवायची. आणि हेच गृहस्थ गावी गेलो की, भाऊजींची गाडी चालवत असले की, कसे खुलायचे! पुण्यापासून गावापर्यंत माझ्याशी गप्पा. हा पूल आमच्या वेळी नव्हता, इथली भेळ बघ, तुझ्या मामाचं काय झालं. मला वाटायचं, या माणसाला तिकडची माती मानवते, आणि इथे ह्याला मी नकोशी झालेय. असंही वाटायचं, की गावी चार लोकांना दाखवायला बायकोशी बोलतो. काय काय वाटायचं ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते.

अशात ती आली.

ती म्हणजे ह्यांची वर्गमैत्रीण. कराडला डिप्लोमाला एकत्र होते. नवरा पुण्यात, मुलगा बंगळूरला, आणि ही एकटी अल बर्शाला फ्लॅट घेऊन कुठल्याशा कन्सल्टंटकडे नोकरीला. भाईंच्या दुकानात दोघांची अचानक गाठ पडली आणि पुढच्या रविवारी ती ग्रुपमध्ये हजर. उंच, शिडशिडीत, केस मुद्दाम न रंगवलेले. तेही तिला शोभत होते, हा एक वेगळा त्रास. आली ती थेट ह्यांच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "काय रे, ओळखलंस का?" आणि पुढे ह्यांचं नाव. नुसतं नाव, पुढे ना राव ना काही.

सत्तावीस वर्षांत मी ते नाव दोनदा तोंडाने घेतलंय, तेही उखाण्यात. आमच्या आईने शिकवलं, अहो म्हण. मी अहो म्हटलं, म्हणत आले. आणि ही बया तेच नाव शेंगदाण्यासारखं येता-जाता तोंडात टाकत होती. मला म्हणाली, "नमस्कार वहिनी." मनात म्हटलं, हा तुझा भाऊ असता तर वहिनी ठीक होतं.

तिच्याकडे गाडी नव्हती. ती मेट्रोने यायची आणि आम्ही तिला स्टेशनवरून घ्यायचो. गाडीत ती बरोब्बर ह्यांच्या मागे बसायची. मागची सगळी सीट रिकामी, पण बसणार ह्यांच्या मागे, आणि बोलताना पुढे वाकून ह्यांच्या कानाशी. मी शेजारच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या मांडीवर घेऊन. आणि हे बोलत होते हो! हसत होते! कॉलेजातल्या कुठल्या सरांची नक्कल करत होते. ती नक्कल मी पहिल्यांदा ऐकली, तीही तिच्यासाठी केलेली.

वादीत तर बोलायलाच नको. वाट अरुंद असो, रुंद असो, ही ह्यांच्या डाव्या बाजूला. दोन दगडांवरून उडी मारून, वळसा घालून, पण डावीकडेच. लक्ष्मीनारायणाचा जोडा! मी गुडघ्याच्या पट्ट्यामुळे मागे बायकांच्यात. बायका काय, त्यांना डोळे असतातच. एक म्हणाली, "तुमचे हे हल्ली बरेच बोलके झालेत." मी म्हटलं, "हो ना, थंडी मानवते त्यांना." आणि आतून अशी पेटले होते की माझ्यावर पोळ्या भाजल्या असत्या.

पबमध्ये एकदा तिने पर्समधून डबी काढली. जवसाची चटणी. "याला आवडायची," म्हणाली. हे तिच्या बाजूला वळले आणि दोन चमचे वाढून घेतली. माझ्या ठेच्याची बाटली ह्यांच्या उजव्या हाताशी उभी होती. मी दोनदा म्हटलं, "ठेचा घ्या की." घेतला नाही. बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी ती बाटली मी झाकण घट्ट लावून परत आणली आणि घरी सिंकमध्ये रिकामी केली. ठेचा फेकणारी बाई मी नव्हे, पण फेकला. लेक नाक दाबून ओरडत आली, "ममा, व्हॉट इज धिस स्मेल?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना विचार."

असं दोन-तीन महिने चाललं. लेकीला सांगावं तर कसं सांगणार? बहिणीला फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. बोललं की खरं होतं ना. एकच प्रश्न डोक्यात घोंघावत राहायचा. माझा नवरा अजून माझा आहे की नाही? चोरून काही चाललंय असं मला वाटत नव्हतं, तेवढी मी ह्यांना ओळखते. पण माणूस घरातून न जाता पण जाऊ शकतो. तसा गेला असेल तर मी काय त्याच्या बनियनी धुवायला राहिलेय?

फेब्रुवारीतला रविवार. नेहमीची वादी सोडून भाईंनी जरा वरची वाट धरली होती. डाव्या हाताला खाली नदीचे गोटे, उजवीकडे डोंगराची उभी भिंत, मधून पायवाट. वारा जोराचा होता. पुरुष सगळे पुढे, एकामागे एक पांगलेले, त्यांत हे सगळ्यांच्या पुढे, भाईंनाही मागे टाकून. ती ह्यांच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे. आम्ही बायका मागे, कुणाच्या घरी भाडं किती वाढलं त्यावर बोलत.

मी सहज वर बघितलं. वर कड्यावर बकऱ्या होत्या, पाच-सहा, तिथल्याच डोंगरातल्या. कशाने तरी बिचकून पळाल्या आणि त्यांच्या खुरांखालून दगड सुटले. आधी बारीक खडी, मग नारळाएवढाले. आणि ते सरळ ह्यांच्या वाटेवर येत होते.

मी ओरडले. "अहो! थांबा!"

माझा आवाज मी सांगितलाच आहे. त्या वादीत तो असा घुमला की बकऱ्यासुद्धा थांबल्या असतील. भाई थांबले. त्यांच्या मागचे डोंबिवलीचे थांबले, नाशिकचे थांबले, नवा आलेला कोल्हापूरचा पोरगेला इंजिनिअर, ज्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तोही एक पाय हवेत धरून थांबला. अहो म्हटल्यावर प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच. सगळ्यांचे नवरे थांबले. माझा नवरा सोडून.

हे चालत राहिले. रमतगमत, हात मागे बांधून, जणू बागेत.

मग तिने ह्यांच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरला आणि असं खस्सकन ओढलं की हे तिच्या अंगावरच आले. दोघं खाली बसले. पुढे चार हातांवर दगड आदळले, धूळ उडाली, एक दगड उड्या मारत खाली नदीत गेला. हे त्याच्याकडे बघत राहिले.

मी गुडघा विसरून धावले. पोचले तेव्हा ती ह्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून, तोंड अगदी जवळ नेऊन विचारत होती, "लागलं नाही ना रे?" आणि हे मान हलवत होते. मी उजवीकडून म्हटलं, "अहो, हाक मारली ना मी! एवढी बोंबलले!" माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. भाई म्हणाले, "अल्लानं वाचवलं. यल्ला, खाली चला आता, आज इतकंच पुरे." कोल्हापूरचा पोरगा हसून म्हणाला, "काकू, तुमचा अहो आम्हाला सगळ्यांना पोचला, काकांनाच नाही पोचला." सगळे हसले. भीती गेली की माणसं हसतात, मला कळतं. पण मला त्या क्षणी त्या पोराला नदीत ढकलावंसं वाटलं.

पबपर्यंत गाडीत मी एक शब्द बोलले नाही. मी बोलत नाहीये हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

जेवायला बसलो. मासे आले, हिरवं पिठलं आलं. ह्यांच्या हातातला काटा अजून ताटावर वाजत होता. आणि मग ह्यांनी खिशातून गाडीची चावी काढून पावाच्या टोपलीत टाकली. "आज एक बिअर," म्हणाले. टेबलावर ओरडाआरडा झाला, कुणी टाळ्या वाजवल्या. भाईंनी टोपली पुढे सरकवली. "ह्यांची गाडी कोण नेणार?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "द्या, मी नेते. माझ्याकडे आहे लायसन्स." आणि चावी उचलली.

मग मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, आणि चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "न्या, न्या. गाडी न्या, गाडीवाल्यालाही न्या. मला काही सांगायचं असलं तर तुमच्यामार्फत अर्ज करीन. तुमच्याशिवाय त्यांना कुणाचं ऐकू येत नाही ना हल्ली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून ह्यांनीही बघितलं. "काय झालं?" म्हणाले. अगदी साधं, भाबडं.

"काही नाही. खा तुमची चटणी," असं म्हणून मी उठले आणि बायकांच्या टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडला. रडायला नव्हे. म्हणजे रडायलाच.

दार उघडून ती आत आली. मी आरशातूनच म्हटलं, "या. आता इथेही या."

"वहिनी, रागावू नका."

"रागावू नको तर काय ओवाळू तुम्हाला? माझी हाक ऐकून अख्खी वादी थांबली. माझा माणूस थांबला नाही. तुमचा हात लागला की थांबतो."

"त्याला ऐकू आलं नाही."

"तुमचं बरं ऐकू येतं!"

"मी डावीकडे असते म्हणून येतं," ती म्हणाली. आरशात माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला. "तुम्हाला त्याने अजून सांगितलं नाही?"

काय सांगितलं नाही ते तिने सांगितलं. ह्यांचा उजवा कान गेलाय. साइटवर काँक्रीट फोडायच्या ब्रेकरच्या आवाजात इतकी वर्षं काढली, त्याने गेलाय. डावाही कामापुरताच आहे, जवळून बोललं तर. दोन वर्षं झाली. डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले. कंपनीत कळलं तर या वयात कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवणार नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागू दिला नाही. हिला तरी कुठे आपणहून सांगितलं! हिच्या वडिलांचं असंच झालं होतं, म्हणून दुसऱ्याच रविवारी हिच्या लक्षात आलं, आणि हिने सरळ विचारलं, "अरे, तुला त्या बाजूने ऐकू येत नाही का?" तेव्हा कबूल झाले. "मी त्याला दर वेळी सांगत होते, वहिनींना सांग, वहिनींना सांग," ती म्हणाली. "सांगतो म्हणायचा. मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

कुणालाही वाटेल की हे ऐकून मला नवऱ्याची दया आली. आली, पण नंतर. आधी आली ती तिडीक. सत्तावीस वर्षं मी या माणसाच्या डब्यात मीठ किती हे बघत आले, आणि त्याचा कान गेल्याचं मला एक परकी बाई टॉयलेटमध्ये सांगते! तिने विचारलं म्हणून तिला कळलं. मी विचारलं नव्हतं होय? मी दिवसातून दहा वेळा विचारत होते, "तुम्हाला ऐकू येतं की नाही?" पण ते विचारणं निराळं, हे मलाही कळत होतं, आणि त्यानेच अंगाची आणखी आग झाली.

आणि मग एकेक जागच्या जागी बसायला लागलं. सोफ्यावर मी उजवीकडे बसते. ठेचा उजवीकडे होता. गाडीत! इथे गाडी चालवणारा डावीकडे बसतो आणि शेजारचा उजवीकडे. गावाकडे उलटं, तिथे मी ह्यांच्या डाव्या हाताला येते. पुण्यापासून गावापर्यंतच्या सगळ्या गप्पा मला आठवल्या. माती नव्हे, माणसं नव्हेत, चार लोकांना दाखवणं नव्हे. सीट बदलली होती, एवढंच.

मी तोंड धुतलं, पदर नव्हता म्हणून टिश्यूने पुसलं आणि बाहेर आले. हे पाठमोरे बसले होते, बिअरचा ग्लास अर्धा झालेला. मी मागून जाऊन ह्यांच्या उजव्या खांद्याशी उभी राहिले. तिचं खरं की खोटं ते मला बघायचंच होतं. टेबलावर बोलतात त्या आवाजात, अगदी स्पष्ट म्हटलं, "अहो, तुमच्या मैत्रिणीचं डोकं फोडू का मी या बाटलीने?"

समोर बसलेल्या भाईंच्या घशात मासा अडकला. ह्यांनी बटाट्याची फोड उचलली, हिरव्या पिठल्यात बुडवली आणि शांतपणे खाल्ली.

मघाशी त्या वाटेवर दगड पडले तेव्हा मी जेवढी घाबरले नव्हते तेवढी आता घाबरले. इतका जवळ माणूस, आणि कुठे होता तो!

ती माझ्यामागून आली होती. मी तिच्यापुढे हात केला. "चावी."

"वहिनी, हायवे आहे, तुम्हाला सवय..."

"चावी द्या."

तिने दिली.

पार्किंगमध्ये हे मुकाट्याने उजवीकडच्या सीटवर बसले. ती सवयीने ह्यांच्या मागे शिरायला लागली. मी म्हटलं, "अंहं. तुम्ही इकडे, माझ्या मागे बसा." बसली. आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, कारण ह्यांचे पाय लांब आहेत, आणि गाडी काढली. हायवेला लागलो. ट्रक बाजूने जात होते, कुणीतरी मागून दिवे मारत होता. मारू दे. ती मागे डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. झोपली होती की झोपेचं सोंग घेतलं होतं, देव जाणे. सोंग असेल तर तेवढ्यापुरते तिचे आभार.

मग समोर बघत, मान न वळवता, आवाज अजिबात न चढवता म्हटलं, "एसी कमी करा."

ह्यांचा हात पुढे गेला. एसी कमी झाला.

मला एकदम भरून आलं. पण डोळ्यांत पाणी आणून हायवेवर गाडी चालवता येत नाही. मी म्हटलं, "वाढवा."

ह्यांनी वाढवला.

"कमी करा."

हात अर्ध्यावर थांबला. हे माझ्याकडे बघायला लागले. मग मागे तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "तिने सांगितलं तुला," म्हणाले.

"सांगितलं. दुसऱ्या नंबराने कळलं मला."

शारजाच्या इमारती दिसायला लागल्या होत्या. मग हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मोठ्याने बोलायला लागली असतीस. सगळे लागतात. तिच्या वडिलांशी सगळे ओरडूनच बोलायचे म्हणे. मला वाटलं, घरात तरी कुणीतरी साधं बोलणारं असावं."

"आणि गेली दोन वर्षं मी काय करतेय? घसा फाटला माझा ओरडून!"

"हो," हे म्हणाले, "तेच कळत नव्हतं, की तू का ओरडतेस."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि पुढच्या गाडीने ब्रेक मारला म्हणून मीही मारला. मागे ती जागी झाली. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आम्ही दोघं बोलतोय."